अर्ध्या तासावरचं माहेर

नागपूरहून हैदराबादला विमान किती वेळात पोचतं, हे मोहर्लीजवळच्या आमच्या गावात फक्त मला ठाऊक होतं. आणि ते सगळ्यांना ठाऊक व्हावं याची मला भारी घाई होती. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला एक. माहेर नागपूरचं, विमानतळाला लागून. शेजारचे काका तिथे सामान चढवायचे. अडीचशे मैल, पावणेदोन तास, हे त्यांच्याकडून ऐकलेलं मी सासरी असं सांगायची, की विमान जणू मीच हाकते.

सकाळी आभाळात घरघर झाली की हातातलं टाकून मी अंगणात. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावर दोरा ताणून मी घरच्यांना दाखवलं होतं, की विमानाची वाट आपल्याच बाजूने जाते. म्हणजे नागपुरातून उठलेलं विमान अर्ध्या तासात आपल्या डोक्यावर. तळ्यावरून मासे विकायला येणाऱ्या बायकांचीसुद्धा हे ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. "माझं माहेर अर्ध्या तासावर आहे," म्हणायची आणि मान उडवायची. आगगाडी धरायला चांद्याला जायचं, तरी गाडीबैलाला दिवस लागायचा, ते माझ्या हिशेबात नव्हतं.

वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मला आठ दिवस आधी जायचं होतं. पापड, कुरड्या, मैत्रिणी, सगळं हवं होतं. पण ते दिवस विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाचे. घर पहाटेच जंगलात जायचं आणि संध्याकाळी ओसरीवर बसून पानांचे पुडे बांधायचं. तशाच एका संध्याकाळी मी जाण्याची गोष्ट काढली. सासूबाईंनी मान वर केली नाही.

"तुयं माहेर अर्ध्या घंट्यावर हाय न वो? मंग आठ दिवस आंधी काऊन जातं? अक्षता पडाच्या वक्ती पोचलं तरी झालं."

सासरे खोकल्यासारखं हसले. नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याला जगात पानांपलीकडे काही दिसत नव्हतं.

दोन दिवस मी गाल फुगवून हिंडले. कुणी विचारलं नाही, तेव्हा आपणच सासूबाईंपुढे जाऊन बसले आणि त्याच तोंडाने माहेर दूर लोटायला लागले. वाटेत वाघाचं रान, म्हणून गाड्या एकमेकींसाठी थांबणार. मग चांद्याला मुक्काम. मग आगगाडी, तीही जागोजागी थांबणारी. आमच्या धडधाकट बैलांना मी म्हातारं आणि लंगडं करून टाकलं.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे लय दूर हाय."

"फार दूर आहे मामीजी."

"मंग इतक्या दूर एकटी कशी जाशीन? मी येतो संगं. थे इमान भुईवर कसं बसते, थे पाह्यतो."

आता सासऱ्यांचं हसू थांबलं. पानं तोडणारे चार हात एकदम कमी होणार होते. पण सासूबाईंनी लुगडी काढून ठेवलीसुद्धा.

नागपुरात त्या रोज तारेच्या कुंपणाशी उभं राहून विमान पाहायच्या आणि येऊन माझ्या आईला त्याचं वर्णन सांगायच्या. मला माझे आठ दिवस मिळाले. पण सासू माहेरी हजर म्हटल्यावर डोक्यावरचा पदर काही खाली आला नाही. मैत्रिणी कडुनिंबाखाली खिदळत बसायच्या, आणि मी चुलीपाशी, मामीजींना चहात साखर अजून हवी का, ते विचारत.