दिवंगत सभासदाचा नंबर

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे एक काही केल्या जात नाही. फोन उचलून पलीकडचा माणूस दोन क्षण गप्प राहिला, की अजूनही मी फोन ठेवून देतो. नावं कोणाचीच देत नाही. त्यातले काही जण आजही रायपूरला आहेत, आणि मलाही तिथे तोंड दाखवायचं असतं.

मी मूळचा वर्धेकडचा. आठवीनंतर शाळा सुटली, रायपूरला आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, म्हणून भरती झालो आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. परक्या गावात मला सांभाळलं ते तिथल्या मराठी मंडळाने. बायकोच्या बाळंतपणात मंडळाच्या बायकांनी महिनाभर डबे पाठवले. हिंदीत तपासाचा कागद कसा लिहायचा हे मला मंडळाच्या सचिवांनी शिकवलं. ते सरकारी कचेरीत होते. रविवारी मला ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी बसवून ते माझा एकेक शब्द तपासायचे. त्यांचे उपकार माझ्यावर फार.

पुढे राजधानी नव्या रायपूरला सरकू लागली, माणसं पांगली, तसं मंडळ मोबाइलवर आलं. सचिवांनीच पुढाकार घेतला. प्रत्येक सभासदाचं एक पान, त्यावर फोटो, आणि एकमेकांना निरोप लिहायची सोय. पान उघडायला वेगळा पासवर्ड नको, म्हाताऱ्यांच्या लक्षात राहत नाही. मोबाइलवर आलेला आकडा टाकला की झालं. त्यासाठी भरून द्यायचा कागदी फॉर्म मोठा होता. मुलामुलींची लग्नं जुळावीत म्हणून जन्मवेळ, घरातलं टोपणनाव, कुठे प्लॉट आहे, कोणाचं कसलं ऑपरेशन झालं, घरी कोण किती वाजता असतं, सगळं विचारलेलं, आणि ते सगळ्या सभासदांना दिसायचं. आपलीच माणसं, म्हणून आम्ही सगळं भरलं. मीही भरलं.

सचिव वारले. मंडळाची रीत अशी, की वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढायचं नाही. वहीच्या काळापासून चालत आलेलं. म्हणून मोबाइलवरही त्यांचं पान तसंच राहिलं.

सात महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, त्यांची मुलगी ठाण्यात आली. नागपुरात शिकायला होती, सुट्टीत आलेली.

"अंकल, मराठी समजते, बोलने में अटकती हूँ," ती म्हणाली आणि आईचा मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "बाबा आईला मेसेज करतात."

मी वाचत गेलो. नवरा गेल्यावर काकू, म्हणजे सचिवांच्या पत्नी, रोज दुपारी त्यांच्या पानावर एक ओळ लिहीत असत. 'जेवलात का?' तीन महिने उत्तर नाही. मग एक दिवस सचिवांच्या फोटोशेजारचा हिरवा ठिपका पेटला होता आणि खाली एकच शब्द होता. 'जेवलो.'

त्यापुढे रोज. काकूंना घरात ज्या नावाने हाक मारत, त्या नावाने. पोरीच्या लहानपणीच्या आजाराची चौकशी. 'मंदिरातून दहाला परतलीस ना?' मग, 'आपल्या प्लॉटवर ये.' काकू बस पकडून नव्या रायपूरला जायच्या. तिथे भर दुपारी रुंद रस्त्यांवर चिटपाखरू नसे. दोन-दोन तास त्या प्लॉटसमोरच्या थांब्यावर बसायच्या आणि घरी आल्यावर निरोप यायचा, 'हिरवं लुगडं तुला शोभतं.'

शेवटचा निरोप त्या सकाळचा होता. 'गुरुवारी अकराला घरी येतो. कडी लावू नको. पोरीला घरात ठेवू नको.'

"मम्मी मला भिलाईला मावशीकडे पाठवते आहे," मुलगी म्हणाली. "अंकल, वो सच में दरवाज़ा खुला रखेगी."

ठाणेदारांनी वाचलं आणि हसले. "आपके मराठी भूत का केस है, आप ही देखो." पण मुंशीला बोलावून रोजनामच्यात नोंद घ्यायला लावली, आणि सायबर सेलला पत्र गेलं.

मी काकूंकडे गेलो. सचिवांच्या फोटोपुढे त्यांचा चष्मा ठेवलेला.

"काकू, हे कोणीतरी बदमाश आहे. गुरुवारी कडी लावा."

"तू पोलीस झाला म्हणून शहाणा झाला काय रे?" त्या म्हणाल्या. "माह्या घरातलं नाव बाहेरच्याले कसं माहीत असंन? सांग ना."

तो फॉर्म मला तेव्हा आठवलाच नाही. बुधवारी सकाळी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, नंबर तं बंद आहे त्यांचा. फोन कपाटात पडून आहे. मंडळाचं नाव ठाण्यात काहून आणून राहिले?" मी वरमलो. ज्यांचं अन्न खाल्लं त्यांचीच उलटतपासणी कशी करायची? उठून आलो. इथे माझी चूक झाली आणि त्यात पूर्ण बुधवार गेला. मंडळावर राग धरून बसलेल्या दोन माणसांना मी उगाच ठाण्यात बोलावून बसवलं. दोघेही कोरे निघाले.

बुधवारी संध्याकाळी एक साधी गोष्ट ध्यानात आली. 'नंबर बंद आहे' असं सगळे म्हणत होते, पण तो लावून कोणीच पाहिला नव्हता. काकूंनी नाही, पोरीने नाही, अध्यक्षांनी नाही, मीही नाही. मेलेल्या माणसाला फोन कोण लावतो?

ठाण्याच्या लँडलाइनवरून मी लावला. आकडे मला पाठ होते.

रिंग गेली. चार वेळा. मग कोणीतरी उचलला. बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. मी हॅलोसुद्धा म्हणू शकलो नाही. खरं सांगतो, सचिवांच्या आवाजात कोणी माझं नाव घेईल की काय, असं वाटलं. तेवढ्यात पलीकडे लांबून मालगाडीचे डबे जोडल्याचा खडखडाट आला आणि हमालांचा आरडाओरडा. फोन कट झाला.

तो आवाज मी ओळखत होतो. रेल्वे स्टेशनमागच्या गुढियारीत मी चार वर्षं बीट पाहिला होता. मालधक्क्याशिवाय तसा आवाज कुठे येत नाही.

गुरुवारी सकाळी सायबर सेलमार्फत मोबाइल कंपनीकडून कागद आला. वापरात नसलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. हा गुढियारीतल्या एका माणसाला दिला होता. नाव, पत्ता, सगळं त्यात. त्या दिवशी विधानसभेचा बंदोबस्त, अर्धं ठाणं तिकडे. एक महिला आरक्षक मी काकूंच्या घरी बसवली होती. दोन शिपाई घेऊन मी गुढियारी गाठली. खोलीला कुलूप.

शेजारीण म्हणाली, "आज तं आंघोळ करून, नवे कपडे घालून गेला. कोणाचं लग्न आहे का म्हटलं तं हसला."

घड्याळात पावणेअकरा. महिला आरक्षकाला फोन लावला. ती मंदिरात होती. काकूंनी तिला सांगितलं होतं, तू पुढे हो, मी मागून आलीच.

ब्राह्मणपाऱ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप सोडली आणि धावलो. दार सताड उघडं. आत काही आवाज नाही.

खुर्चीवर एक माणूस बसला होता. चाळिशीचा, केस नीट भांग पाडून. फोटोपुढचा चष्मा त्याने डोळ्यांना लावला होता. समोर वाढलेलं ताट. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून काकू उभ्या होत्या, हातात पोळी. माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाल्या, "पाह्य ना भाऊ. आले तं सही. पण बोलून नाही राहिले."

मी पुढे होऊन त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्याने विरोध केला नाही. चष्मा निघाला तशी काकूंच्या हातातली पोळी पडली आणि त्या खाली बसल्या.

ठाण्यात त्याने ना शिवी दिली ना रडला. चाकू नव्हता, दोरी नव्हती. मालाची चिठ्ठी लिहिणारा कारकून. आई गोंदियाकडची, म्हणून मराठी वाचता येत होतं. ती वारल्यापासून एकटा.

"हे सुरू कसं झालं?" मी विचारलं.

"मले वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या साहेब. तुमच्या मंडळाकडून. माहा वाढदिवस नव्हता. पण कोणी आठवलं म्हणून त्यातली लिंक दाबली. त्यानं आकडा पाठवला, म्या टाकला, तं सगळं उघडलं. अन त्यात ती बाई रोज विचारे, जेवलात का. सहा दिवस म्या काही लिहिलं नाही. सातव्या दिवशी मले राहवलं नाही."

"घरात कशाला शिरलास? काय करणार होतास?"

"मालूम नाही," तो म्हणाला. "पुढचं काही ठरवलं नव्हतं." हे उत्तर मला चाकूपेक्षा वाईट वाटलं.

मग त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या आईचा उजवा गुडघा आता बरा आहे का साहेब? गावाले एकटीच राहते ना ती. दुपारी मागचं दार उघडं टाकून झोपते."

शिपाई माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला नाव सांगितलं नव्हतं, पण माझ्या पानावर फोटो होता. आणि ते दार मीच लिहिलं होतं. 'सोयीची वेळ' या रकान्यात, कोणी गावी गेलं तर आईला भेटून यावं म्हणून, ठोकळ अक्षरांत आनंदाने.

पुढे तोतयेगिरी आणि घरात शिरण्याची कलमं लागली. काकूंनी बयान द्यायला दोन आठवडे घेतले. मुलीने शिक्षण सोडून आईजवळ राहायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे सही केली. त्याला किरकोळ शिक्षा झाली.

मंडळाच्या सभेत मी पहिल्यांदा उभा राहून बोललो. आठवी शिकलेला माणूस, समोर सगळे साहेब लोक. म्हणालो, "चोरी कोणी केली नाही. कुलूप तोडलं नाही. आपण दार बांधलंच नव्हतं." अध्यक्ष चिडले, "इतक्या वर्षांच्या विश्वासाले तुम्ही नावं ठेवून राहिले." पण पानांवरचे निम्मे रकाने गेले. मी विचारलं, आधी ज्यांनी यादी उतरवून घेतली त्यांचं काय? दरवर्षी ती यादी सगळ्या सभासदांना जात असे. आज ती कोणत्या फोनमध्ये आहे, कोण वाचतंय, हे कोणालाच माहीत नाही. आई असेपर्यंत मी रोज दुपारी तिला फोन करून मागचं दार लावायला लावत असे.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की ज्यांचे उपकार आपल्यावर असतात त्यांनाही विचारावं, हे कशाला हवं, कुठे ठेवणार, आणि माणूस गेल्यावर काय करणार. विचारणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. मी ते बुधवारी विचारलं असतं, तर काकू त्या चौकटीत उभ्या राहिल्या नसत्या.

गेल्या महिन्यात मी बायकोला बसवून सांगितलं. मी गेलो की वर्ष-बिर्ष थांबू नका. तेरवीच्या आधी माझं नाव सगळीकडून काढा, नंबर बंद करा.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अन मले काही सांगावं वाटलं तं?"