काचेवरचा भंडारा

कऱ्हाटी गावाच्या पलीकडं माळावर आमची वस्ती होती. विजेचे खांब ओढ्यापर्यंत येऊन थांबले होते आणि ते पुढं येतील ही आशा आम्ही सोडून दिली होती. तरी माळावर टीव्ही होतेच, ब्लॅक अँड व्हाइट, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारे. बॅटरी उतरली की सायकलच्या कॅरिअरला बांधून बारामतीला न्यायची, चार्जिंगवाल्याकडं ठेवायची आणि पुन्हा जाऊन आणायची. नव्वदच्या दशकातली आमची निम्मी करमणूक अशी कॅरिअरवर बसून फिरायची.

त्यातून माझ्या नवऱ्याच्या डोक्यात एक कल्पना शिरली. तो साखर कारखान्यात हंगामी कामाला होता. हंगाम संपला की घरी बसून त्याला कल्पना सुचत. सरकारी योजनेत सूट मिळतेय, तर अंगणात सोलरचे पॅनल लावायचे, घरातलं रॉकेल वाचवायचं आणि लोकांच्या बॅटऱ्या आपणच भरून चार पैसे मिळवायचे. त्यासाठी आबांची मेंढरं विकायची. आबा म्हणजे माझे सासरे. घरात शेती आली, नोकरी आली, तरी ते दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतत. गुडघे कधीच कामातून गेले होते.

"आबा, आता तुमी घरी ऱ्हायचं," नवरा म्हणाला. "उनाला काय चारायला न्यावं लागत न्हाय."

आबा म्हणाले, "म्हंजी मी निस्तं बसायचं व्हय?"

त्यांनी घरी राहावं हे नवऱ्यापेक्षा मलाच जास्त हवं होतं. सात-आठ महिने त्यांची खुशाली कळायची नाही. कुठल्या घाटात पडले असतील, ताप आला असेल, कोण बघत असेल, हे मनात चालूच. काळजीचासुद्धा कंटाळा येतो. कुणी तसं कबूल करत नाही, मी करते.

मेंढरं गेली, पॅनल आले. मिस्त्रीनं अंगणात लोखंडी पाइपावर दोन पॅनल चढवले आणि मी बारावी शिकलेली म्हणून मला बजावलं, "काच रोज पुसा. एक कोपरा झाकला तरी सगळा करंट पडतो." पाइपावरची चौकट उन्हाच्या दिशेनं फिरवता यायची. ते काम आबांनी आपणहून घेतलं. जन्मभर उन्हात हिंडलेला माणूस, त्यांना घड्याळ लागत नव्हतं. बाकी सगळं माझ्याकडं. काच पुसा, बॅटरीत पाणी घाला, आलेल्या बॅटऱ्या उचला, ठेवा. ॲसिडनं माझ्या दोन साड्यांची चाळण झाली. एवढं करून एक बॅटरी भरायला दोन दिवस. मिळायचं ते चहा-साखरेपुरतं, पण आबा घरात होते आणि वेळेवर जेवत होते. मला तेवढ्यानं बरं वाटायचं.

मग दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला आमच्यात मेंढरं धुऊन त्यांच्या पाठीवर भंडारा, म्हणजे देवाची हळद, तेलात कालवून लावतात आणि त्यांना ओवाळतात. तो भंडारा हातानं पुसायचा नसतो, आपोआप जाईल तेव्हा जाईल. मी पुरणपोळीच्या गडबडीत होते. बाहेर आले तर आबांनी दोन्ही पॅनलवर बोटांनी वरपासून खालपर्यंत भंडाऱ्याचे पट्टे ओढले होते आणि पुढं नारळ फोडला होता.

"आता आपली लक्षुमी हीच न्हवं?" ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच असा खुललेला दिसला. मला मिस्त्रीचे शब्द आठवले आणि मी ते गिळले.

लोकरीवरचा भंडारा झडून जातो, तापलेल्या काचेवरचा चिकटून बसला. हातानं पुसायचा नाही म्हणून मी फडकं लावेना, वर माळाची धूळ बसली. बॅटऱ्या अर्धवट भरायला लागल्या. लोकांचे टीव्ही रविवारचा सिनेमा ऐन रंगात आला की बंद पडायचे आणि सोमवारी ते आमच्या दारात. गिऱ्हाइकांतले दोघं पुन्हा बारामतीची वाट धरून मोकळे झाले. कारखान्यातून दमून आलेला नवरा वायरी तपासायचा आणि माझ्यावर ओरडायचा. त्याच्या लेखी देवाची हळद काय नुकसान करणार? आबा सगळं ऐकत बसायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि त्याहून जास्त माझा. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तुमची लक्ष्मी पुसावी लागेल हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

एक दिवस आबा मोरगावला गणपतीच्या दर्शनाला गेले. त्यांची एसटी गेली तशी मी रॉकेलचं फडकं घेऊन काच घासायला लागले. हात भरून आले तेव्हा कुठं ती स्वच्छ झाली. संध्याकाळी आबा आले, पॅनलसमोर उभे राहिले. कुणी विचारलं नसताना मी म्हणाले, "भंडारा दवानं गेला वाटतं, आबा."

"व्हय, गेला आसंल," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

बॅटऱ्या भरायला लागल्या. नवरा खूश झाला. पण त्या दिवसापासून आबा पॅनलला हात लावेनात. आठवड्यानं त्यांच्या चुलतभावाचा कळप माळावरून कोकणाकडं निघाला. मी विहिरीवरून आले तर आबांची काठी आणि घोंगडी जागेवर नव्हती. दुसऱ्याच्या मेंढरांमागं, पोटावारी, ते निघाले होते.

मी ओढ्यापर्यंत पळत गेले. "आबा, चुकलं माझं. मीच पुसला. पण तुम्ही जाऊ नका."

ते थांबले. रागावलेले नव्हते. तसे असते तर मला सोपं गेलं असतं.

"आगं पोरी, पुसलास त्येचं काय न्हाय. धंदा हाय, पुसाया पायजेच. पन मला सांगायचं हुतंस. म्या सोता पुसला आसता."

मेंढरं बरीच पुढं गेली होती, आणि त्यांना गाठायला आबांना घाई करावी लागली.