हॉल्टवरच्या मोजणीचा महिना

आमच्या गावाच्या थांब्याला स्टेशन म्हणणं हा गावाचा मोठेपणा होता. रेल्वेच्या कागदावर तो हॉल्ट होता. मुदखेडहून किनवटकडे जाणाऱ्या लाईनवर जमिनीच्याच उंचीचा फलाट, पिवळी पाटी, एक खोली आणि त्या खोलीला एक खिडकी. सिग्नल नव्हता, घंटा नव्हती, स्टेशनमास्तर तर नव्हताच. सकाळची पॅसेंजर नांदेडकडे जाताना मिनिटभर थांबायची आणि संध्याकाळी परतताना पुन्हा मिनिटभर. एवढ्या दोन मिनिटांवर आमच्या गावातल्या डझनभर नोकऱ्या उभ्या होत्या, त्यातली एक माझी. मी नांदेडला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो.

असल्या हॉल्टवर रेल्वेचा नोकर बसत नाही. गावातल्याच कुणाला तरी कमिशनवर तिकीटविक्री दिलेली असते. त्यानं मुदखेडला जाऊन तिकिटांचे गठ्ठे आणायचे, खिडकीत बसायचं, तारखेचा शिक्का मारून तिकीट हातात द्यायचं, गाडी आली की बाहेर येऊन उभं राहायचं. आमच्याकडे हे काम एका बाईच्या नवऱ्याकडे होतं. तो काविळीनं गेला आणि काम तिच्याकडे आलं. शेत नव्हतं, दुसरं काही नव्हतं. गाव तिला मास्तरीण म्हणायचं, आधी चेष्टेनं आणि नंतर सवयीनं. ती स्वतः त्या शब्दावर कधी हसली नाही. फलाट रोज झाडायची, पाटीवरची धूळ पुसायची आणि गाडीला उशीर असेल तर मुदखेडला फोन लावून विचारायची. तसं करा असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही पासवाले तिच्या खिडकीशी कधी जात नव्हतो. पास हॉल्टवर मिळत नसे, तो मुदखेडला काढावा लागे. आणि मुदखेडला काढायचाच, तर आमच्या मागच्या मोठ्या स्टेशनापासून काढायचा, अशी पद्धत पडली होती. भाड्याचा टप्पा एकच होता हे एक कारण. दुसरं कारण आम्ही बोलून दाखवत नव्हतो. पासवर हॉल्टचं नाव असलं की ऑफिसातला एखादा विचारायचा, हे कुठं आलं बुवा? त्यापेक्षा मोठं नाव बरं. त्यामुळे आम्ही बाराजण रोज जिथे चढत होतो, तिथे कागदावर आमच्यातला एकही चढत नव्हता. हे आमच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्यात लक्ष देण्यासारखं काही आहे, असं वाटलं नव्हतं.

डब्यात आम्हाला दुसरे विषय होते, आणि त्यातला पहिला म्हणजे ही गाडी कुणाच्या मालकीची असावी. आमचा विभाग ज्या झोनमध्ये, त्याचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात. गाडी उशिरा आली की शिव्या मुख्यालय परक्यांचं म्हणून, आणि वेळेवर आली तर आज चुकून आली म्हणून. विभाग मुंबईला जोडा, ही नांदेडची जुनी मागणी. मी यावर बरंच वाचलं होतं. कुठल्या देशात उपनगरी गाड्या शहराच्या मंडळाकडे आहेत, कुठे रूळ सरकारचे आणि गाड्या ठेकेदाराच्या, हे मी मुदखेड येईपर्यंत सांगत बसायचो. समोर बसणारा बँकेतला क्लार्क दर वेळी एकच विचारायचा.

"सर, त्यांच्याकडं संडासात पाणी असतंय का?"

"असतं."

"मग मालक कुणी बी असू द्या."

या गप्पांमुळे प्रवासी संघटनेनं मला धरलं. लातूरला मराठवाड्यातल्या प्रवाशांची परिषद घ्यायची होती. 'प्रवासी रेल्वेची मालकी व कारभार : पर्याय' असा विषय ठरला आणि मुख्य निबंध माझ्याकडे आला. नाही म्हणणं मला जमलं असतं, पण मी तसा प्रयत्न केला नाही.

त्याच सुमारास हॉल्टच्या खिडकीशेजारी एक कागद चिकटला. कमी विक्रीच्या थांब्यांची पाहणी होणार होती. पुढचा महिनाभर तिकिटं मोजून हॉल्ट ठेवायचा की बंद करायचा ते ठरणार होतं. कागद लावायला आलेल्या माणसानं तिला तोंडी सांगितलं की रोजची पंचवीस तिकिटं तरी दिसायला हवीत. तिची रोज दहा-अकराच विकली जायची. मजूर बायका तिकीट काढायच्या, त्यांचे नवरे बहुतेक काढत नसत आणि आम्ही पासवाले.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तशी ती खोलीला कुलूप लावून आमच्या डब्यात चढली. मुदखेडपर्यंतचं स्वतःचं तिकीट तिच्या हातात होतं.

"सर, एक महिना," ती म्हणाली. "पास खिशात ऱ्हाऊ द्या. रोज येता-येता माझ्या खिडकीवर मुदखेडचं एक तिकीट घ्या. म्हैनाभरच. तुमी बाराजण झाले, अन् गड्यांना मी बगते. पंचवीस होतेत."

"म्हणजे एकाच बुडाला दोन तिकिटं?" बँकवाला म्हणाला. डबा हसला.

"तुमचं बूड बगता दोन लागतीलच की, साहेब."

डबा आणखी हसला. बँकवालाही हसला आणि जरा सरकून तिला जागा करून दिली. तिचं काम झालंच होतं म्हणा. त्या हसण्यावर बाराच्या बारा माणसं हाव म्हणाली असती. पण मी तिथे होतो, आणि विषय माझा होता.

मी म्हणालो, "ताई, करायला हरकत नाही. पण असं बघा, मापच चुकीचं आहे. प्रवासी किती चढतात हे न मोजता खिडकीवर तिकिटं किती फाटली हे मोजतात. आपण तिकिटं काढली, तर ते माप आपल्याला मान्य आहे असा अर्थ होतो. प्रश्न मुळात कारभाराचा आहे."

डब्यात एकदम गांभीर्य आलं. पदरचं तिकीट काढण्यापेक्षा तत्त्व पाळणं सोपं असतं, आणि मी त्यांना तत्त्व देऊन ठेवलं. शाळेवरचे एक गुरुजी म्हणाले, "बरोबर हाय सरांचं. एकदा वाकलो की वाकलोच."

ती माझ्याकडे बघत होती. "तुमी लातूरला त्येच लिवून ऱ्हायले म्हणं?"

"हो. त्यात हॉल्टचा मुद्दा घालतो. ठरावच करून घेतो."

"ठराव कवा हाय?"

"महिन्याच्या शेवटी."

ती मुदखेडला उतरली आणि मोटारीनं परत गेली.

मी अगदीच काही केलं नाही, असं नाही. पहिले चार दिवस मी तिकीट काढलं. तिनं शिक्का मारून दिलं आणि मी ते पाकिटात ठेवलं. पाचव्या दिवशी उठायला उशीर झाला, कारण निबंध वाढत चालला होता. धावत फलाटावर पोचलो तेव्हा गाडी उभी होती आणि ती खिडकीतून हात बाहेर काढून तिकीट धरून होती. मी तसाच डब्यात चढलो. त्यानंतर रोज थोडा उशीरच होत गेला. हात बाहेर काढायचं तिनं आठवड्यानं सोडून दिलं.

लातूरची परिषद एका मंगल कार्यालयात झाली. व्यासपीठावर सतरा खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला एक शाल, एक नारळ. दीपप्रज्वलनाला समई पेटेना म्हणून पंखे बंद केले आणि नंतर ते चालू करायचं राहून गेलं. अध्यक्ष लातूरचे आडत व्यापारी, कपाळाला भस्माचे पट्टे, वागायला मोठा मोकळा माणूस. "शरणार्थ, सर," म्हणत त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमच्याच भरवशावर हाय सगळं."

मी पाच पर्याय मांडले. आहे तसं चालू ठेवणं. विभाग मुंबईला जोडणं. केंद्र आणि राज्याची संयुक्त कंपनी. रूळ सरकारकडे ठेवून गाड्या ठेकेदाराला देणं. आणि पाचवा माझा लाडका : जिल्ह्याजिल्ह्याचं मंडळ, ज्यात प्रवाशांनी निवडलेले प्रतिनिधी बसतील, वेळापत्रक ठरवतील आणि थांबे ठरवतील. नांदेडच्या लोकांनी दुसऱ्या पर्यायाला टाळ्या वाजवल्या. लातूरची मंडळी गप्प होती, कारण लातूर आधीपासूनच मुंबईकडे होतं आणि त्यांच्या तक्रारींची यादी आमच्याच यादीसारखी होती, फक्त 'परराज्य' हा शब्द तेवढा कमी. मागच्या रांगेतून औशाचे एक आजोबा उठले.

"आमच्या गावात रूळच न्हाई. आमी कोणत्या नंबरात?"

दिवसभरात विचारलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता. त्यांना वेळेअभावी बसवण्यात आलं.

जेवणानंतर ठरावाचा मसुदा घेऊन अध्यक्ष आणि मी एका खोलीत बसलो. मी शेवटी एक ओळ घातली होती : लहान हॉल्ट बंद करू नयेत आणि पासधारकांची मोजणी ते चढतात त्या थांब्यावर व्हावी. अध्यक्षांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, हे बारीक होतंय. वर आपण मालकी म्हणून ऱ्हायलो, अन् खाली एकदम हॉल्ट. दिल्लीला जाणारा कागद हाय हा. हे नंतर येगळं निवेदन देऊ ना."

ते बोलत होते त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. अडचण ही होती की मलाही वाटलं. त्या ओळीमुळे ठरावाचा डौल जात होता. मी माझ्याच पेनानं ती ओळ खोडली. ठराव एकमतानं मंजूर झाला. वेगळं निवेदन दिलं गेलं नाही.

महिन्याची सरासरी चौदा भरली. गड्यांना तिनं खरंच पकडून पकडून तिकिटं काढायला लावली होती. आम्ही बाराजण त्यात असतो तर बेरीज सव्वीस झाली असती. हे गणित आमच्यातल्या कुणीही मोठ्यानं केलं नाही, पण प्रत्येकानं मनात केलं असणार, कारण बंदचा कागद लागला त्या दिवशी डब्यात मालकीचा विषय निघाला नाही.

शेवटच्या दिवशी मात्र फलाटावर कधी नव्हती एवढी गर्दी झाली. संघटनेनं काळ्या फिती आणल्या होत्या. कुणाच्या तरी डोक्यात आलं की आठवण म्हणून शेवटचं तिकीट घेऊन ठेवावं, आणि खिडकीला रांग लागली. पासवाले होते, त्यांच्या घरचे होते, ज्यांना कुठेच जायचं नव्हतं असे गावकरीही होते. तिची तिकिटं फाटतच होती. साठ की सत्तर गेली. बँकवाल्यानं चार घेतली, पोरांसाठी म्हणून.

"एक साहेबांच्या बुडाला," ती शिक्का मारत म्हणाली, "अन् तीन कुनाला?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी रांगेत होतो. माझी पाळी आली तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता तिकीट सरकवलं आणि म्हणाली, "आज मोजत न्हाईत, सर."

गाडी आली. उरलेली तिकिटं, शिक्का आणि खोलीची किल्ली मुदखेडला जमा करायची होती म्हणून तीही आमच्याच डब्यात चढली. कुणीतरी उठून तिला खिडकीची जागा दिली. ती माझ्या समोर आली. काळ्या फिती लावलेली बारा माणसं खाली बघत बसली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो की लातूरचा ठराव दिल्लीला गेला आहे.

"आपला हॉल्ट हाय का त्यात?"

"हॉल्ट नाही. पण पाचवा पर्याय जर झाला, तर हॉल्टचं सगळं गावाच्याच हातात येईल."

"पाचवा म्हंजे कसा?"

मी सांगितला. मंडळ कसं निवडायचं, त्यात कोण बसेल, दर तीन महिन्यांनी बैठक. तिनं मन लावून ऐकलं. लातूरच्या सभागृहात इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. ऐकता ऐकता मांडीवरची पिशवी ती दोन्ही हातांनी दाबून धरत होती. मुदखेडचा बाहेरचा सिग्नल आला आणि गाडी हळू झाली.

"अन् खिडकीत कोण बसंल?" तिनं विचारलं.

निबंध बावीस पानांचा होता. मी मनातल्या मनात त्याची पानं उलटून पाहिली.

"ते मंडळ ठरवेल," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली आणि पिशवी घेऊन ऑफिसच्या दिशेनं चालू लागली.

त्याच महिन्यात ती भावाकडे देगलूरच्या बाजूला निघून गेली. आम्ही आता मुदखेडपर्यंत जीपनं जातो, चौदाजण एका जीपमध्ये, आणि पुढे मिळेल त्या गाडीनं. जाताना रूळ आडवे येतात आणि कधी कधी फाटक बंद असतं. मग आम्ही खाली उतरतो आणि आमचीच गाडी भरधाव निघून जाईपर्यंत रस्त्यावर उभे राहतो.