पंडित मेश्रामची मासेमारी

पंडित मेश्रामने ज्याला नावं ठेवली नाहीत असा मराठी माणूस अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये शोधूनही सापडला नसता. एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टर होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा त्याला पगार मिळे, आणि घरी आल्यावर हेच काम तो फुकट चालू ठेवी. गणपतीत ढोल बडवणारे, घरांच्या किमतींवर संध्याकाळ घालवणारे, ‘आजीला नमस्कार कर’ हे पोराला इंग्रजीत सांगणारे, सगळे त्याच्या लेखी सारखेच पोकळ. तोंडावर मात्र तो कुणाला काही बोलत नसे. तोंडावर ‘हो हो, बरोबर आहे’ एवढंच.

२००७ च्या मार्चअखेर त्याचे वडील, कृष्णा मेश्राम, मुलाकडे राहायला आले. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात ते पोस्टमन होते, आता निवृत्त. त्या मुलखात गावागणिक तलाव. सुट्टीच्या दिवशी बांबूच्या काडीला दोरी आणि गळ बांधायचा, गळाला गांडूळ अडकवायचं आणि काठावर गप्प बसून राहायचं, ही त्यांची मौज. लहानगा पंडित शेजारी बसे. बापाशी त्याचं जे काही जमलं ते तिथेच, न बोलता. इथे बाबा दिवसभर खिडकीतून पाऊस बघत बसत. परत जायच्या आत त्यांना एकदा तरी तळ्यावर न्यायचंच, असं पंडितने मनाशी पक्कं केलं.

तळी त्याने शोधूनही ठेवली. शेजारच्या ऑरेगॉन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात उंचावर ओसाड पठार आहे. झाड नाही, माणूस नाही, करड्या झुडपांमधून नुसती धूळ, आणि मध्येच डोंगराच्या पायथ्याशी निळं पाणी, त्यात ट्राऊट. मे-जूनमध्ये मासा गळाला लागतो, पुढे पाणी तापतं. बापलेकांनी गाडी काढायची आणि निघायचं, इतकं ते सोपं होतं. पण एका रविवारी पंडित हे अतुल देवस्थळीच्या घरी पोहे खाताना बोलून गेला. वाट खडकाळ आहे, अतुलची नवी मोठी गाडी बरी पडेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

अतुल म्हणजे शेजारच्या बेलव्ह्यू गावातल्या मराठी मंडळींचा स्वयंघोषित पुढारी. दोन माणसं चहाला जमली तरी तो त्यांची कमिटी करी.

“सुपर्ब आयडिया, पंडित! पण प्रॉपर प्लॅन करू या, यार. असं उठून नाही जायचं.”

मग प्रॉपर प्लॅन सुरू झाला. मे महिना कोण कोण येणार यात गेला. जूनमध्ये तंबूंवर खल झाला. अतुलची बायको सोनल हिला तळ्याकाठी स्वच्छ रेस्टरूम हवी होती, आणि विवेक नावाच्या महाभागाला वाटेत आउटलेट मॉल. जुलैभर मेथीचे पराठे न्यायचे की इडल्या, यावर डोकी फुटायची वेळ आली. मासा या प्राण्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. एक ना धड, भाराभर चिंध्या! पंडित घरी येऊन एकेकाची नक्कल करी. बाबा हसत, आणि मग विचारत, “मंग कधी जाचं?”

“ठरतंय, बाबा.”

ठरलं ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेची सोमवारची सुट्टी धरून येणाऱ्या वीकेंडला. मंगळवारी बाबांचं विमान होतं, म्हणजे ही शेवटची संधी. शनिवारी सकाळी सगळे पंडितच्या अपार्टमेंटखाली जमले. गाड्या भरल्या. अतुलच्या गाडीत खाण्यापिण्याचा बर्फाचा कूलर, खुर्च्या आणि सोनलची खोकी गेल्यावर माणसाला जागाच उरली नाही, तेव्हा बापलेक आपल्या जुन्या गाडीने येतील असं ठरलं. तेवढ्यात सोनलने कपाळावर हात मारला.

“अतुल, अरे हा श्रावण आहे! आणि सोमवारी गोकुळाष्टमी!”

एवढ्या मीटिंगा झाल्या, पण श्रावण कुणाला आठवला नव्हता. आता मात्र सगळ्यांना एकदम पुण्य आठवलं. आदल्याच दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये चिकन विंग्ज ओरपणारा विवेकसुद्धा गंभीर झाला. म्हणाला, “श्रावणात मासे मारणं बरं नाही दिसत, यार.” मासे नाहीत तर एवढ्या लांब धूळ खायला कशाला? जवळ चेलानचं तळं आहे, तिथे रिसॉर्ट आहे, बोटिंग आहे. पाच मिनिटांत प्लॅन बदलला. चार महिने जे जमलं नाही ते पाच मिनिटांत!

सोनल पंडितकडे वळली. “तुम्ही पकडा ना हवं तर. तुमच्यात चालतं सगळं. फक्त आमच्या कूलरमध्ये नको हं, वास जात नाही. काका, रागावू नका हं.”

काका मुलाकडे बघत होते.

“हो हो वहिनी, बरोबर आहे,” पंडित म्हणाला. हसलासुद्धा.

गाडीत बसल्यावर मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. “पाहिलंत? हे असे लोक! ढोंगी सगळे. म्हणे तुमच्यात चालतं! यांची लायकी काय, आणि…” डोंगराचा घाट चढून उतरेपर्यंत तो थांबला नाही. समोर अतुलची काळी, चकचकीत गाडी. तिने लेन बदलली की पंडितही बदले.

घाटापलीकडे पाऊस संपला, ऊन पडलं. बाबांनी विचारलं, “आपलं तळं कोन्या बाजूले?”

“सरळ. हाच रस्ता पुढे दक्षिणेला वळतो. चेलानला या एक्झिटने वर जायचं.”

“मंग सरळ चाल.”

“बाबा, ते थांबतील आपल्यासाठी. बरं नाही दिसत.”

“तू त्यायले एवढा हसतं,” बाबा म्हणाले, “मंग भेतं काऊन? मले मासे नाई पायजे होते बाबू. तुह्या बाजूले बसाचं होतं.”

सरळ रस्ता उन्हात मोकळा पडला होता. पुढे अतुलच्या गाडीने उजवीकडचा इंडिकेटर दिला.

पंडितनेही दिला.