दादाने धबधब्यापाशी ऐकलं ते

तुमच्या सदरातले अनुभव मी वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं मी. भूतखेत, अंगात येणं, स्वप्नात येऊन कुणी काही सांगणं... यातलं काही मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. म्हणून हे लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. यात भूत नाही, घाबरण्यासारखंही काही नाही. पण जे झालं ते मी भर दुपारी, शेजारी बसून पाहिलं आहे.

गोष्ट साठ-एकसष्ट सालची. आम्ही अमरावतीला अंबापेठेत राहायचो. वडील वकील. दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, तोही नागपूरला वकिलीच शिकत होता. शेवटच्या वर्षी त्याला टायफॉइड झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. थोडे नाही, पूर्ण. मुंबईपर्यंत दाखवून झालं. सगळीकडे एकच उत्तर मिळालं — नसा मेल्या आहेत. कोर्टात उभं राहणं संपलं. मग तो घरीच वडिलांसाठी दावे आणि अर्ज लिहून द्यायचा. अक्षर सुरेख, डोकं तल्लख. बोलायचा नीट, फक्त सगळं एका सुरात आणि जरा मोठ्याने. माझे आणि आईचे ओठ त्याला वाचता यायचे.

त्याचं लग्न झालं ते कान गेल्यावर. वहिनी दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या मास्तरांची मुलगी. आई लहानपणीच गेलेली. तिची भाषा अगदी अस्सल वऱ्हाडी. 'मले', 'तुले', 'करून राहिली' असं काही ती बोलली की आई लगेच शब्द सुधारायची. वाईट हेतूने नाही, पण चारचौघांत सुधारायची. त्यामुळे वहिनी हळूहळू बोलेनाशीच झाली. सासऱ्यांच्या घरात डोक्यावर पदर, मान खाली. अशा माणसाचे ओठ दादा वाचणार कसा? दोघांचं बोलणं म्हणजे ती त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची — 'जेवण', 'पाहुणे', 'आई बोलावतात' — एवढंच. संसाराला चार वर्षं होत आली होती आणि माझ्या भावाने आपल्या बायकोचा आवाज ऐकलेला नव्हता.

त्या काळात दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या खेपेनंतर ती फार खंगली. मेळघाटात माझे नानामामा फॉरेस्ट खात्यात रेंजर होते. हवापालट होईल म्हणून दिवाळीनंतर आईनेच दादाला आणि तिला त्यांच्याकडे पाठवलं. मी बीएस्सीला होते, सुट्टी होती; मीही निघाले. त्याच दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी दादाच्या खुर्चीमागे सुतळी बॉम्ब लावला होता. मी दारात कान झाकून उभी होते. दादाची लेखणी कागदावरून हललीसुद्धा नाही. हे मुद्दाम सांगते, म्हणजे 'थोडं ऐकू येत असेल' अशी शंका कुणी काढू नये.

मोटारीने परतवाडा गाठलं. वलगावच्या पुढे रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला वहिनी पुढच्या बाकाचा दांडा घट्ट धरून बसायची. मला वाटलं, मोटार लागते आहे. परतवाड्याहून मामांच्या जीपने घाट चढून वर.

मामा उत्साही गृहस्थ. त्यांच्या क्वार्टरपासून काही कोसांवर दरीत एक धबधबा होता. त्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे त्याला अजून भरपूर पाणी होतं. पर्यटक वगैरे तेव्हा कोणी तिकडे फिरकत नसत. मामा म्हणाले, उद्या सकाळी निघू, दुपारी तिथे जेवू आणि उजेडात परत येऊ. वहिनीला यायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

जीप एका नाल्यापाशी ठेवून आम्ही चालायला लागलो. आधी सागाचं सपाट जंगल, पाचोळा नुसता करकरत होता. मग बांबू लागला आणि वाट खाली उतरायला लागली. दगड ओले, शेवाळलेले. मामा पुढे, मागे दादा, मग मी, शेवटी वहिनी. ती सारखी मागे पडायची. "काहून थांबली, सूनबाई?" मामा वरच्या आवाजात विचारायचे. ती मान हलवून पुन्हा चालू लागायची. एकदा मी हात पुढे केला तर तिचा हात बर्फासारखा गार होता.

धबधबा आधी ऐकू आला आणि बऱ्याच वेळाने दिसला. काळ्या कातळावरून पाणी सरळ खाली एका डोहात पडत होतं. तो आवाज कसा सांगू... छातीत घुमत होता. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागे. आम्ही दशम्या आणि चटणी खाल्ली. मामा खालच्या अंगाला जनावरांचे माग बघायला गेले. दादा डोहाच्या पलीकडे जाऊन, आमच्याकडे पाठ करून, पाणी पडताना बघत उभा राहिला. मी आणि वहिनी अलीकडच्या मोठ्या दगडावर, अगदी एकमेकींना खेटून बसलो होतो.

माझ्या लक्षात आलं की वहिनीचे ओठ हलताहेत. पदर पुढे ओढलेला, नजर पाण्यात. मला वाटलं, काही स्तोत्र म्हणत असेल. शब्द कानावर येण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि पलीकडे दादा वळला.

दचकून नाही. घरात कुणी स्वयंपाकघरातून हाक मारल्यावर माणूस जसा वळतो, तसा. क्षणभर तो आमच्याकडे बघत राहिला. मग दगडांवरून फिरून यायचं सोडून सरळ डोहाच्या कडेच्या पाण्यातून, बुटांसकट, गुडघाभर पाण्यातून चालत आला. वहिनीसमोर उभा राहून काहीतरी म्हणाला. मला ऐकू येईना... पण इतक्या वर्षांच्या सवयीने ओठांचे शब्द मलाही कळायचे. तो म्हणाला, "किती महिने झाले?"

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि पदराआडून काहीतरी बोलली. दादाने त्यालाही उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, त्याने पुन्हा उत्तर दिलं. तिचा चेहरा त्याला दिसतसुद्धा नव्हता. मी उठून लांब जाऊन बसले. दोघं बोलत होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मामा परत आले तेव्हा वहिनी डोळे पुसत होती आणि दादाने तिचा हात धरला होता. मामांच्या देखत! आमच्या घरात ही केवढी गोष्ट होती ते आजच्या मुलांना कळायचं नाही.

दादा मामांना म्हणाला, हिला बरं नाही, अगदी हळू जायचं. वर चढताना तो प्रत्येक वळणावर तिला बसवत होता. धबधब्याचा आवाज कमी होत गेला. बांबूचं बन संपताना वहिनीने मागून त्याला "अहो" म्हणून हाक मारली. मला स्वच्छ ऐकू आली. दादा चालत राहिला. तिने पुन्हा हाक मारली. मग तिने पुढे होऊन त्याच्या बाहीला हात लावला, तेव्हा तो वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आपल्या कानाला हात लावला आणि मान हलवली. संपलं होतं.

दिवेलागणीला तो व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "सुमे, तिचा आवाज घोगरा आहे ना गं?"

मी मान डोलावली. होताच तिचा आवाज घोगरा, थोडा पुरुषी म्हणा हवं तर. पण ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. बहिऱ्या माणसाला कोण सांगायला जातं?

"मी बारीक असेल असं धरून चाललो होतो," तो म्हणाला. "आणि ती भीती म्हणत नाही. भेव म्हणते."

मी ओठांनी विचारलं, पाण्याचा आवाज कसा वाटला?

"पाणी?" तो म्हणाला. "पाणी मुकंच होतं. फक्त ती ऐकू आली."

रात्री वहिनीने मला सगळं सांगितलं. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. दोनदा झालेलं सांगून, पुन्हा सगळ्यांचे उतरलेले चेहरे बघायचं धाडस तिच्यात नव्हतं. धबधब्यापाशी तिला वाटलं, इथे कुणाला काही ऐकू येत नाही, एकदा मोठ्याने बोलून मोकळं व्हावं. तिने मला तिचे शब्दही सांगितले — "मले दिवस गेले हायेत, कोनाले सांगतलं नाई. मले इकडे यायचंच नव्हतं, पन नाई कसं म्हनू? लय भेव वाटते. हेबी गेलं तं मी का करू?"

दुसऱ्या दिवशी दादाने मामांना सांगून जीप अगदी सावकाश परतवाड्याला न्यायला लावली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पुढचा मोटारीचा प्रवास साफ बंद केला. अंथरुणातून उठायचं नाही, म्हणाल्या. आणखी एखादी चढउतार झाली असती तर मग आपल्या हातात काही राहिलं नसतं, असंही म्हणाल्या. वहिनी पुढचे महिने परतवाड्यातच, मामींच्या माहेरी राहिली. दादा कागद घेऊन तिथेच मुक्कामाला गेला. उन्हाळ्यात मुलगी झाली. ठणठणीत.

घरी परतल्यावर वहिनीने दादासमोर पदर मागे सारून, मान वर करून बोलायला सुरुवात केली, आणि तेही थेट वऱ्हाडीत. आई एकदा शब्द सुधारायला गेली तर दादा म्हणाला, "राहू दे आई, मला तसंच कळतं." थोड्याच दिवसांत तो तिचे ओठ माझ्यापेक्षाही चांगले वाचायला लागला. मी त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "आता ती बोलली की मला तिच्याच आवाजात दिसतं."

मुलगी शाळेत जायला लागल्यावर आम्ही पुन्हा त्या धबधब्यावर गेलो. उघड कुणी बोललं नाही, पण कशासाठी जातोय ते सगळ्यांना माहीत होतं. ऋतू तोच, दगड तोच. दादा पलीकडे पाठ करून उभा राहिला. मुलीने "बाबा" म्हणून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. वहिनीही बोलली. दादा खूप वेळ तसाच उभा होता. मग दगडांवरून फिरून परत आला, मुलीला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, चला, भूक लागली.

आज दोघंही नाहीत. दादा गेल्यावर एकदा मी वहिनीला विचारलं होतं, तुला काय वाटतं, कसं झालं असेल? ती म्हणाली, "वन्सं, मी तं कोनाले सांगूनच नव्हती राहिली. त्यायनं आयकलं. कसं आयकलं, ते त्यायलेच मालूम." एवढं बोलून ती भाजी निवडत बसली.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. पुढे अकोल्याला नोकरीत असताना माझी एका कानाच्या डॉक्टरांशी चांगली ओळख झाली. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, काही बहिऱ्या माणसांना गोंगाटात जास्त ऐकू येतं, हे शास्त्रात आहे. पण त्यासाठी नस जिवंत लागते. आणि पाणी ऐकू न येता फक्त माणूस ऐकू येणं, तेही डोहापलीकडून... त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "तुम्ही तर अगदी शेजारी बसला होता. तुमचे कान चांगले. तुम्हाला काय ऐकू आलं?"

मी म्हटलं, "पाणी."