शेडमध्ये गॅरेज टाकायचं होतं, म्हणून खालापूरला गेले

आमच्या रोपवाटिकेपुढं, रस्त्याला लागून, एक पत्र्याची शेड आहे. यंदा ती रिकामी झाली आणि दिरांनी खताच्या दुकानासाठी मागितली. जेवणं चालली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला तिथं डिझेल गाड्यांचं गॅरेज टाकायचंय." सगळ्यांचे घास हातात राहिले. आमचे हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "घरी स्वयंपाक चांगला जमतो म्हणून कुणी खानावळ काढत नाही, कुंदा. आधी कुठंतरी काम करून बघ. तू परत येईस्तोवर भाऊला थांबवतो." तर मंडळी, ही सहल अशी ठरली. देवदर्शन नाही, धबधबा नाही. बाई निघाली गॅरेज बघायला!

मी ओतूरची. रोपांचे ट्रे शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत न्यायला आमचा एक जुना सहाचाकी टेंपो आहे, त्याला मी ठकी म्हणते. ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा नाइलाजानं स्टिअरिंग धरलं, मग हळूहळू बॉनेटखाली हात गेला. आता ऑइल, फिल्टर, ब्रेक, क्लच सगळं घरच्या घरी. पण खरं सांगू? नाइलाज वगैरे नुसतं बोलायला. दहावीनंतर मला आयटीआयला डिझेल मेकॅनिकच व्हायचं होतं. वडील म्हणाले, शिवणकाम घे. घेतलं. चांगलं शिकले. पण आजही रस्त्याकडेला कुणी गाडीखाली आडवा झालेला दिसला की माझी मान वळतेच. लग्न झालं, मुलं हाताशी आली, तरी ते वेड काही गेलं नाही.

माघाचे दिवस, चांगली थंडी. उजाडल्यावर ठकीला किल्ली मारली आणि माळशेज उतरायला लागले. ज्यांना या रस्त्यानं कर्जतला जायचंय त्यांनी हिवाळ्यातच जावं. पावसाळ्यात घाटात धुकं आणि दरडी, त्यात ढगांबरोबर फोटो काढणाऱ्यांची जत्रा. घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. मुरबाडला मिसळ खाल्ली, शंभराच्या आत पोटभर. पुढं म्हसा, कशेळे असा रस्ता आहे. डांबर मध्येच संपतं, मध्येच सुरू होतं, पण गर्दी नाही. खाचरांत वाल उभा होता, विटांच्या भट्ट्या पेटल्या होत्या. लांब डोंगरावरून भिवपुरीच्या वीजघराचे पाइप उतरलेले दिसले. कर्जतला थांबून वडापाव घेतला आणि पळसदरीच्या चढ-उतारांवरून खोपोलीकडं गेले. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

खालापूरला बशीरभाईंचं गॅरेज जुन्या हायवेलगत आहे. गेल्या वर्षी कर्जतच्या एका फार्महाउसला रोपं पोचवून परतताना ठकी त्यांच्या दारातच बंद पडली होती. डिझेलच्या लाइनीत हवा धरली होती. मी माझेच पाने काढले, हातपंप मारून हवा काढली आणि गाडी चालू केली. बशीरभाई खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "ताई, हात चांगला आहे. पण पोहायला विहिरीत शिकलात. कधी तरी दर्यात या." तेवढ्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं होतं!

बशीरभाई साठीला टेकलेले, बोलघेवडे, आणि स्वतःचं कौतुक स्वतःच करणारे. "पनवेल ते खोपोली माझ्यासारखा कान कुणाला नाही," हे पहिल्या चहालाच ऐकवलं. त्यांचं घर गॅरेजच्या मागंच. त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, मला लॉज बघूच दिलं नाही. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, सुकट आणि वालाची आमटी वाढली आणि म्हणाल्या, "आमच्या घरातल्या बाप्यांचे कपडे धुता धुता माझे हात गेले. आता तुम्ही बाई असून ते काळं ऑइल मागून घेताय?" मी म्हटलं, "भाभी, खाज आहे." त्या खळखळून हसल्या आणि आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा जुना शर्ट चढवून मी गॅरेजात हजर. काय सांगू तुम्हाला! घरी मी ठकीचं काम काढते तेव्हा मध्येच कुणी रोपं मागायला येतं, कुकर शिट्ट्या देतो. इथं दिवसभर फक्त गाड्याच. मला फिल्टर बदलायला दिले, ब्रेक आवळायला दिले, एका डंपरच्या खाली चाकांच्या फळीवर आडवं व्हायला दिलं. दुपारी एक ड्रायव्हर येऊन विचारतो, "मिस्त्री कुठंय?" आणि बशीरभाई माझ्याकडं बोट दाखवतात. मी गाडीखालीच होते म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड त्याला दिसलं असतं. डोळ्यांत पाणी आलं होतं हो. एवढी वर्षं मला फक्त तेवढंच ऐकायचं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. गाडी आली की बशीरभाई आधी पान्याला हात लावत नव्हते. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे आणि त्याला म्हणायचे, "चल, नाक्यापर्यंत एक चक्कर मार." त्या चकरेत ते गाडीकडं कमी आणि ड्रायव्हरकडं जास्त बघायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला फिरायची हौस. दुसरा त्यांचा नियम म्हणजे सांगितलं तेवढंच काम. आणखी काही दिसलं तर मालकाला विचारायचं, तो नको म्हणाला तर झाकण लावून मोकळं व्हायचं. हे काही माझ्या पचनी पडेना. बिघाड डोळ्यांना दिसतोय आणि तसाच सोडायचा?

संध्याकाळी शेजारच्या शेतात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरायचे, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं आणि वरून जाळ करायचा. या दिवसांत त्या बाजूला गेलात तर कुणाच्या तरी शेतात आमंत्रण काढाच, हॉटेलात ती चव नाही. शेंगा सोलता सोलता मी बशीरभाईंना शेडचं सांगितलं. म्हणाले, "उद्याचा दिवस एकटीनं सांभाळा. मला पनवेलला सामान आणायला जायचंय, दुपारपर्यंत येतो. मग तुमचं तुम्हालाच कळेल." झोपताना मी मनातल्या मनात शेडच्या पाटीला रंगसुद्धा देऊन टाकला.

सकाळी बशीरभाई गेले आणि थोड्या वेळानं विटांनी भरलेला एक जुना ट्रक आला. ड्रायव्हर महादूकाका, कडावकडचे, गाडी त्यांची स्वतःचीच. "डिझेलचा फिल्टर बदल गं," एवढं बोलून ते चहाला गेले. फिल्टर बदलला. हवा काढली. गाडी सुरू करून बघायला वर चढले, क्लच दाबला, तर पायडल निम्मं रिकामंच खाली जातंय! गिअर टाकला की करकर. अगदी तळाशी पाय असताना गाडी ओढ घेत होती. मी मनात म्हटलं, अगं बाई, हा माणूस असली गाडी चालवतो तरी कशी? हात काळे झालेच होते. खाली शिरले, पायडलची सळई आवळली, क्लच ठकीसारखा करून टाकला. छान वर धरायला लागला. काकांना सांगायचं होतं, पण तोवर दुसरी गाडी आली. ते घाईतच ट्रक काढून गेलेसुद्धा. मी स्वतःवर खूश.

बशीरभाई परतले, आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात महादूकाका एका मोटारसायकलवर मागं बसून आले. उतरता उतरता ओरडले, "माज्या कलचला कुनी हात लावला रं?"

पळसदरीच्या चढावर पुढची एसटी थांबली म्हणून त्यांना थांबावं लागलं होतं. पुन्हा निघताना गाडीनं उचल घेतली नाही, बंद पडली आणि मागं घसरली. मागं मोटारसायकलवर नवरा-बायको होते. काकांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मातीत घातली. विटांची एक रास रस्त्यावर आली. ते दोघं हातभर अंतरानं वाचले. त्याच माणसानं काकांना आणून सोडलं होतं.

बशीरभाई माझ्याकडं न बघता म्हणाले, "गॅरेज माझं, हात माझा. मला बोल." मला ते सहन होईना. मी पुढं झाले. "काका, मी केलं. क्लच ढिला दिसला म्हणून आवळला. तुम्हाला विचारलं नाही."

काकांनी मला खालून वर बघितलं. मला वाटलं, आता बाईमाणूस, चूल, मूल सगळं निघणार. ते काही निघालं नाही. त्यांनी डावा पाय पुढं केला. "वाकव हा गुडगा. वाकव ना! नाय वाकत. भट्टीवर पडलो तवापासनं नाय वाकत. टाच खाली टेकून नुस्ता चवडा हलवतो मी. म्हनून कलच तळाशी धरंल असा ठेवलाय, वर माजा पाय येत नाय. तुज्या पायाला बरा लागला म्हनून माज्या पायाला लागंल?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला वाटलं होतं मी गाडी दुरुस्त करतेय. मी सगळा ट्रक माझ्या पायाच्या मापाचा करून ठेवला होता.

आम्ही तिघं ठकी घेऊन पळसदरीला गेलो. आधी विटा गोळा केल्या. मग मी काकांच्या शेजारी बसले, ट्रक सपाट रस्त्यावर घेऊन त्यांना चालवायला लावला आणि फक्त त्यांच्या पायाकडं बघत राहिले. खाली उतरून सळई थोडी सोडायची, पुन्हा बसायचं, पुन्हा पाय बघायचा. गिअरची करकर तेवढी कमी करू का, असं या वेळी विचारलं. म्हणाले, "कर. पन जपून." बशीरभाई कडेला उभं राहून विडी ओढत होते. शेवटी काकांनी तोच चढ भरल्या गाडीनं थांबून थांबून चढवून बघितला. "आता ठीक हाय," म्हणाले आणि निघून गेले. ट्रक वळणापलीकडं गेला तरी मी आवाज ऐकत उभी होते. दुसरा गिअर, तिसरा गिअर, मग काहीच नाही. पुढं ती गाडी कशी चालली, पुढच्या चढाला काय झालं, मला कळायची काही सोयच नव्हती.

परतताना बशीरभाईंना विचारलं, "तुम्हाला झोप कशी लागते हो? इतक्या गाड्या जातात." ते म्हणाले, "परत आली नाही तर समजायचं बरी आहे. आमच्या धंद्यात बातमी फक्त वाईटच येते, ताई."

तिथंच माझ्या मनानं कच खाल्ली. ठकीचं काम मी चुकवलं तर ठकी मलाच रस्त्यात उभं करते, मीच निस्तरते. इथं मी चुकले आणि रस्त्यात दुसराच कुणी उभा होता, त्याच्या मागं एक नवरा-बायको होते.

शेवटच्या सकाळी भाभींनी डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या. बशीरभाई म्हणाले, "एक चूक सगळेच करतात. मी तर किती केल्यात, सांगायला बसलो तर तुम्हाला घाटात रात्र होईल." मी हसले आणि ठकीला किल्ली मारली. खोपोलीहून बोरघाट चढले. घाटात ट्रकांची रांग असते, गरम झालेल्या गाड्या कडेला लागलेल्या असतात, तेव्हा पाणी आणि वेळ दोन्ही हाताशी ठेवून निघा. प्रत्येक बंद गाडीपाशी माझा पाय आपोआप सैल पडत होता. उतरावं, विचारावं, बघावं. नाही उतरले. लोणावळा, तळेगाव, चाकण, नारायणगाव करत घरी पोचले.

ह्यांनी विचारलं, "मग? काय सांगू भाऊला?" मी म्हटलं, "द्या त्यांना शेड. मला माझीच गाडी बरी." ह्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. दोनेक दिवसांत शेडमध्ये खताची पोती लागली.

आता तुम्ही विचाराल, पश्चात्ताप होतो का? होळी झाल्यावर एका सकाळी मी ट्रेमध्ये कोकोपीट भरत होते आणि बशीरभाईंचा फोन आला. मागं कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. "ताई, हा महादू येऊन बसलाय. क्लच बरा चालला म्हणतो, पण आता त्याची प्लेट झिजलीय, ती बदलून पुन्हा माप लावायचंय आणि मला हात लावू देत नाही. म्हणतो, त्या ताईलाच बोलव, तिला माझा पाय ठाऊक आहे."

मी त्यांना फोनवरून सांगायला लागले, पायडल किती खाली ठेवायचं, टाच कुठं टेकते ते बघा, आधी शेजारी बसा. सांगता सांगता मलाच वाटलं, उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती हाकायच्या! पलीकडून महादूकाकांनी फोन ओढून घेतला. "ते नगं सांगू गं. तू येतीस का, तेवडं सांग."

समोर दीर पोती मोजत होते, त्यांच्यामागं शेड छतापर्यंत भरलेली. मी म्हटलं, "काका, मला फार यायचंय हो." येते असं म्हटलं नाही, फोनही ठेवला नाही, आणि तेही ठेवीनात.