पासमागचं झाड

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये एक गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. पुण्याचे, साठीला टेकलेले. नाव मी कधी विचारलं नाही. गेटवर गार्ड बसमध्ये चढायचा आणि सगळ्यांनी पास दाखवायचे. एकदा त्यांनी चुकून पासची उलटी बाजू धरली आणि गार्ड बघतच राहिला. प्लास्टिकमागे बोटभर काडी होती, चार वाळलेली पानं आणि एक केसाळ तुरा.

गार्डने हात पुढे केला. आता हा ते काढून घेणार, या धास्तीने त्यांनी पास छातीशी धरला आणि भराभर इंग्रजीत सांगू लागले. उत्तर ध्रुवाकडे कामाला असताना खडीत मिळालेला हा विलो. फांदी नव्हे, मुळासकट अख्खं झाड. तुऱ्यावरचे केस म्हणजे त्याचा स्वेटर.

"ट्री आह? सो स्मॉल," गार्ड म्हणाला.

ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अहो, उभं राहिलं तर वारा मोडतो त्याला. म्हणून आडवं वाढतं. पण वाढतं."

तोवर अख्खी बस माना उंचावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पास नीट सरळ धरला. गार्डने तो हातात घेतला, स्वतःच उलटा केला, झाड पाहिलं आणि मग आम्हाला आत सोडलं.